प्रांत, कोर्ट, सिव्हिल, तहसील: म्हाताऱ्या माणसांची आणि दिव्यांगांची कामं नेमकी कुठं होतात

सातारा जिल्ह्यात "पोरगं बघत नाही" म्हणून म्हातारं माणूस तक्रार घेऊन घराबाहेर पडलं की बहुतेक वेळा आधी पोलीस स्टेशनला जातं. तिथं सांगतात हे घरातलं आहे, तहसीलला जावा. तहसीलला गेलं की पेन्शनच्या टेबलाकडं बोट दाखवतात, पेन्शनवाला म्हणतो वकील बघा, वकील म्हणतो दिवाणी दावा टाकावा लागंल आणि वर्षं जातील, मग म्हातारी गप घरी येते आणि भावकीत कुणी विचारलं तर "चाललंय की बरं" म्हणून विषय संपवते. यातलं कुणी खोटं बोललेलं नसतं. फक्त तिच्या कामाचं ऑफिस यातलं एकही नव्हतं, तिनं जायला पाहिजे होतं प्रांताकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं.

कायदे आहेत, बऱ्यापैकी चांगले आहेत, पण ते पाच-सहा ऑफिसांत वाटले गेलेत आणि कुठलं दुखणं कुठं न्यायचं हे एका ठिकाणी कुणी सांगत नाही. तेच इथं जमेल तेवढं साध्या भाषेत सांगतो. आणि एक गोष्ट आधीच बोलून घेतो. अशा कामात सोबत जाणारा माणूस लागतोच, कुणी पुतण्या असतो, कुणी शेजारचा मास्तर, कुणी विधी सेवावाल्यांचा स्वयंसेवक. त्याचं काम म्हाताऱ्यासाठी निर्णय घ्यायचं नाही, म्हाताऱ्याला काय पाहिजे ते साहेबाच्या कानापर्यंत पोचवायचं. पुतण्याला वाटतं जमीन परत घ्यावी, आणि काकूला फक्त औषधाचे पैसे आणि सूनबाईनं नीट बोलावं एवढंच पाहिजे असतं. मग अर्ज काकूच्या म्हणण्याचा करायचा, पुतण्याच्या रागाचा नाही.

खर्चपाणी मागायचं असेल तर

२००७ साली केंद्रानं आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा केला. त्यात सुनावणी कोर्टात होत नाही, प्रांताधिकाऱ्यांसमोर होते, म्हणजे पाटणच्या माणसाला पाटणचा प्रांत, फलटणच्या माणसाला फलटणचा, कराडच्या माणसाला कराडचा. ज्याचं स्वतःच्या कमाईवर किंवा जमीनजुमल्यावर भागत नाही असा कुठलाही आई-बाप यात अर्ज करू शकतो आणि आई-बापाला वयाची अट नाही, पन्नाशीतली विधवा आईसुद्धा करू शकते. साठीची अट आहे ती ज्याला मूलबाळ नाही त्याला. त्यानं मग अशा नातेवाइकावर अर्ज करायचा ज्याच्याकडं त्याची इस्टेट आज आहे किंवा त्याच्यामागं वारसानं जाणार आहे. म्हणजे पुतण्याला जमीन पाहिजे पण चुलत्याला दवाखान्यात न्यायला वेळ नाही असं चालत नाही.

मुलं म्हणजे कोण? मुलगा, मुलगी, नातू, नात, सज्ञान असले की सगळे. इथं बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की लग्न झालेल्या मुलीवर अर्ज होत नाही. होतो. सून आणि जावई मात्र या कायद्याच्या व्याख्येत नाहीत, २०१९ ला त्यांना आत घ्यायचं आणि रकमेची मर्यादा काढायचं विधेयक संसदेत आलं होतं पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळं कमाल रक्कम अजून महिन्याला १०,००० रुपयेच आहे. चार मुलं असली तरी एका माणसाला चौघांकडून मिळून तेवढीच. आजच्या औषधांच्या बिलात ही रक्कम कमीच पडते हे माझं स्पष्ट मत आहे. ज्याला जास्त पाहिजे आणि पोराची ऐपतही आहे त्यानं प्रांताकडं न जाता मॅजिस्ट्रेट कोर्टात जावं, पूर्वी ज्याला सगळे एकशे पंचवीसचा दावा म्हणायचे तो १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ मध्ये गेलाय, तिथं अशी मर्यादा नाही. पण दोन्हीकडं एकदम मागता येत नाही, एकच रस्ता धरावा लागतो.

आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न असा की पोरगा मुंबईला. पाटण, जावळीकडची निम्मी घरं माथाडीच्या कामावर मुंबईला गेलेली, खटाव-माणची गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात पार कुठं कुठं पसरलेली, गावात राहिलेत ते आई-बाप आणि कुलूप लावलेल्या खोल्या. अशा वेळी अर्ज मुंबईला जाऊन करावा लागत नाही. आई-बाप जिथं राहतात किंवा शेवटचे राहत होते तिथल्या प्रांताकडं करता येतो, पोराला नोटीस जाते आणि त्यानं यायचं असतं. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो, अगदीच कारण असलं तर आणखी ३० दिवस एकदाच. हे प्रत्यक्षात पाळलं जातंच असं कुणी छातीठोक सांगू नये, पण तारखा पुढं पुढं जायला लागल्या तर हे ९० दिवस लेखी आठवण करून द्यायला उपयोगी पडतात. आणि निकालाची वाट बघायचीच असं नाही, अर्जातच "निकाल होईपर्यंत अंतरिम रक्कम मिळावी" असं एक वाक्य घालायचं, बरेच जण ते घालायचं विसरतात आणि तेवढे महिने कोरडे जातात.

अर्ज साध्या कागदावरसुद्धा चालतो. त्यात भारदस्त भाषा नको, हिशोब पाहिजे. "मुलगा मला फार त्रास देतो, त्याला कडक शिक्षा व्हावी" यातनं साहेबाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: बीपी आणि शुगरच्या गोळ्या महिन्याला अमुक रुपये, मेडिकलची बिलं जोडली आहेत, किराणा आणि दूध अमुक, दर महिन्याला दवाखान्यात जायचं भाडं अमुक, माझं उत्पन्न पेन्शनचं तमुक, थोरला मुलगा कंपनीत परमनंट, त्याच्या नावावर एवढी एकरी जमीन, ऊस अमक्या कारखान्याला जातो, धाकटा रिक्षा चालवतो. दोन मुलांची ऐपत वेगळी असली तर तेही लिहा, साहेबाला रक्कम वाटून देता येते. ज्याला लिहिता येत नाही किंवा उठता येत नाही त्याच्या वतीनं त्यानं सांगितलेला माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि कुणीच पुढं आलं नाही तरी प्रांत स्वतःहून प्रकरण हातात घेऊ शकतात.

वकिलाचं काय? कायद्यात लिहिलंय की या प्राधिकरणासमोर, म्हणजे प्रांतासमोरच्या सुनावणीत, वकील नको. दिल्ली, केरळसारख्या हायकोर्टांनी वकिलांना बंदी घालता येणार नाही असं म्हटलेलं आहे, त्यामुळं समोरच्यानं वकील आणला तर दचकू नका. तुमच्या बाजूनं बोलायला कायद्यानं एक अधिकारी ठेवलाय, जिल्हा समाज कल्याण अधिकाऱ्याच्या दर्जाचा निर्वाह अधिकारी, आई-बापाची इच्छा असली तर तो त्यांच्या वतीनं उभा राहतो. तो आपणहून शोधत येणार नाही, अर्जातच तसं मागावं लागतं.

सुनावणीचा दिवस कसा असतो तेही सांगतो, कारण अर्ज चांगला असूनही गाडी इथं घसरते. आई खुर्चीत, पोरगा आणि सून पलीकडं, साहेब विचारतात "आजी, जेवायला देतात का?" आणि आजीच्या आधी पोरगाच बोलतो, "देतो की साहेब, दोन टायमाला ताट वाढतो." आजीला एका कानानं कमी ऐकू येतं, तिला प्रश्नच नीट कळलेला नसतो, ती मान हलवते. झालं, रोजनाम्यावर लागतं जेवण मिळते. सोबतच्या माणसानं नेमकं इथं काम करायचं: साहेबांना सांगायचं की आजींना डाव्या कानानं ऐकू येत नाही, प्रश्न जवळ येऊन मोठ्यानं विचारा आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या, आणि जमलं तर पोराला पाच मिनिटं बाहेर थांबवून विचारा. यात उद्धटपणा काही नाही, बहुतेक साहेब लोक ऐकतात. आणखी एक, सामोपचारासाठी प्रकरण कधी कधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं पाठवतात, त्यानं महिन्यात रिपोर्ट द्यायचा असतो. समेट चांगलाच, पण त्यात रक्कम, तारीख आणि बँक खातं हे तिन्ही लिहून घ्या. "यापुढे आईचा नीट सांभाळ करीन" या वाक्यावर मिटवलं तर सहा महिन्यांनी परत पहिल्यापासून सुरू.

हुकूम झाला आणि पोरानं पैसे दिलेच नाहीत तर परत प्रांताकडंच जायचं, वॉरंट निघतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. पण इथं एक अट फार महत्त्वाची आहे, ज्या महिन्याची रक्कम थकली तिच्यासाठी ३ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हातारी वर्षभर "आज देईल उद्या देईल" म्हणून थांबते आणि मागची थकबाकी हातातनं जाते. निकाल कमी वाटला तर ६० दिवसांत वरच्या प्राधिकरणाकडं, म्हणजे कलेक्टरांकडं अपील.

जमिनीचा कागद

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण प्रांताकडं आलेल्या निम्म्या रडगाण्यांचं मूळ सातबाऱ्यात असतं.

आपल्याकडं वडील थकले की घरात बोलणं निघतं, नाव लावून टाका, उद्या कटकट नको. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुला-मुलीला, नवऱ्या-बायकोला, नातवाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, त्यामुळं बक्षीसपत्र म्हणजे स्वस्तातलं काम असा समज पसरलाय. स्टॅम्पपुरता तो खराही आहे. पण बक्षीसपत्र नोंदलं, फेरफार मंजूर झाला, की त्या दिवसापासून जमीन तुमची नाही. सोसायटीचं कर्ज पोराच्या नावावर, उसाची नोंद पोराच्या नावावर, कारखान्याचं बिल पोराच्या खात्यावर, आणि बाप स्वतःच्याच बांधावर पाहुणा. मृत्युपत्राचं तसं नसतं, ते मेल्यानंतर लागू होतं, हयातीत कितीही वेळा बदलता येतं, त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही (तरी करून ठेवावी), दोन साक्षीदार पुरतात, फक्त ज्याला इस्टेट मिळणार त्यालाच साक्षीदार करू नका. सही करायच्या आधी कुणी विचारलं तर मी प्रत्येकाला एवढंच म्हणतो, घाई कुणाला आहे ते बघा. तुम्हाला नसेल तर मृत्युपत्र करा.

तरीही बक्षीसपत्रच करायचं असलं तर २००७ च्याच कायद्यातलं कलम २३ माहीत पाहिजे. ज्येष्ठ नागरिकानं, म्हणजे साठी पूर्ण झालेल्यानं, "मला सांभाळायचं" या अटीवर इस्टेट दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं धरून तो रद्द करून मागता येतो. प्रांताकडंच. कळीचा मुद्दा आहे अट. सुप्रीम कोर्टात डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात आईनं मुलींना हक्कसोडपत्र करून दिलेलं, त्यात सांभाळायची अट आहे असं कुठं दाखवता आलं नाही, कोर्टानं म्हटलं अट असल्याशिवाय कलम २३ लागू होणार नाही, आई हरली. मग २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित हा निकाल आला, मध्य प्रदेशातल्या छतरपूरची आई, तिनं मुलाला बक्षीसपत्र केलं आणि त्याच सुमाराला मुलानं वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं की आई-वडिलांना शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर त्यांनी परत घ्यावं. हायकोर्टानं म्हटलेलं अट बक्षीसपत्रातच नाही. सुप्रीम कोर्टानं म्हटलं हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे तो तसाच वाचायचा, दोन्ही कागद मिळून बघितले, बक्षीसपत्र रद्द केलं आणि प्राधिकरण ताबासुद्धा परत द्यायला सांगू शकतं हेही स्पष्ट केलं. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर आपल्यासाठी अर्थ साधा आहे: अट तोंडी ठेवू नका.

आणि ती लिहायला अवघड नाही. दस्त लिहिणाऱ्याला सांगायचं, या आशयाचं कलम घाल: "सदर मिळकत लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांची पत्नी या उभयतांचा त्यांच्या हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचारासह सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीस दिली असून, सदर अटीचा भंग झाल्यास प्रस्तुत बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा हक्क लिहून देणार यांनी राखून ठेवला आहे. सदर घरात राहण्याचा व उत्पन्नातील हिस्सा घेण्याचा उभयतांना हयातभर अधिकार राहील." दस्त लिहिणारा म्हणेल गरज नाही हो, घरातलाच व्यवहार आहे. पोरगा तोंड वाकडं करेल. पण जो सांभाळणारच आहे त्याला या चार ओळींनी काय फरक पडतो? ज्याला पडतो त्याच्यासाठीच त्या आहेत. बायकोचं नाव त्यात विसरू नका, नवरा गेल्यावर खरी परवड तिची होते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून दुय्यम निबंधक कार्यालयात न्यायचे प्रकार अजून दिसतात, त्याचीही गरज नाही, नोंदणी कायद्यात गृहभेटीची सोय आहे, फी भरून अधिकारी घरी येतो आणि तिथंच विचारपूस करून सही-अंगठा घेतो. तो आला की घरच्यांनी बाजूला व्हावं आणि म्हाताऱ्याला मोकळं बोलू द्यावं.

घर आईच्या नावावर आणि तिला पोरानं बाहेर काढलं असं झालं तर प्राधिकरण पोराला घर सोडायला सांगू शकतं. पण सून त्या घरात नांदत असली तर तिचाही कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात राहायचा हक्क आहे, आणि २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की म्हाताऱ्यांचा कायदा वापरून सुनेचा हक्क परस्पर मारता येणार नाही, दोन्ही बघावं लागेल. कधी कधी पोरगाच बायकोला हुसकवायला आईला पुढं करतो, तेव्हा सोबत्यानं जरा डोळे उघडे ठेवावेत.

मारहाण, उपासमार, टाकून देणं

वाईट वेळ आली तर ११२. आई असली तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिलाही पोराविरुद्ध संरक्षण मागता येतं, तो कायदा फक्त सुनांसाठी नाही, त्याच्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ज्येष्ठ माणसाला कुठंतरी सोडून देणं, म्हणजे एसटी स्टँडवर बसवून निघून जाणं असले प्रकार, हा २००७ च्या कायद्यात दखलपात्र गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम वाचून हसू येतं खरं. पण दखलपात्र असल्यामुळं पोलिसांना "घरातलं आहे" म्हणून हात झटकता येत नाहीत.

दिव्यांग माणसासाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा यापेक्षा कडक आहे. चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, मारणं, आणि ज्याच्या ताब्यात तो माणूस आहे त्यानं जाणूनबुजून अन्नपाणी न देणं, याला ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेजाऱ्याला असं काही दिसलं तर तो कार्यकारी दंडाधिकाऱ्याला म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताला कळवू शकतो. हे गावात कुणालाच माहीत नसतं, सगळ्यांना वाटतं आपण कशाला पडा त्यांच्यात.

फुकट वकील कुणाला

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. जिल्ह्याचं ऑफिस सातारला सदर बझारमधल्या जिल्हा न्यायालयात, तालुक्याला तालुका कोर्टात समिती. सांगलीच्या लोकांनी विजयनगरला जिल्हा न्यायालयात विचारावं. फोन करायचा तर १५१००. बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, आणि दिव्यांगाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकी बहुतेकांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न लागतं. म्हणजे रिटायर्ड मास्तरांची पेन्शन त्याच्या वर असली तर वयामुळं काही मिळत नाही, पण त्यांना अर्धांगवायूचं दिव्यांग सर्टिफिकेट असलं तर मिळतो. आणि आजीला बाई म्हणूनच मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत बसायची गरज नाही.

मोफत म्हणजे वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळं. त्या वकिलानं वर "चहापाण्याला" मागितलं तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवायचं, ते स्वतः न्यायाधीश असतात. लोकअदालतीबद्दल मात्र एक सूचना. तिथं प्रकरण लवकर मिटतं, भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. म्हाताऱ्या माणसाला गर्दीत "करा इथं सही" म्हणून उरकू देऊ नका, तडजोड मोठ्यानं वाचून घ्या, मान्य नसली तर नाही म्हणा, कुणी सक्ती करू शकत नाही.

दिव्यांग सर्टिफिकेट, जे म्हातारे लोक काढतच नाहीत

आजोबांना ऐकू येत नाही, आजीची एक बाजू गेलीय, मामांचे हात थरथरतात, आपण म्हणतो वय झालं. कायदा तसं म्हणत नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात कमी ऐकू येणं, अंधुक दिसणं, चालता-फिरता न येणं आहे, पार्किन्सनही आहे, आणि ते साठीनंतर आलं म्हणून बाद होत नाही. ४० टक्के आणि वर असलं की बहुतेक सवलती सुरू होतात. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग सातारच्या क्रांतिसिंह नाना पाटील सिव्हिलसारख्या सरकारी दवाखान्यात तपासणी, त्यानंतर सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र. कार्ड आलं की वर सांगितलेला मोफत वकील आहेच, शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यात आपलं नाव यादीवर आहे का हे ग्रामसेवकाला विचारता येतं. सरकारी ऑफिसातच अडवणूक झाली तर दाद मागायला पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

पेन्शनचं थोडक्यात: तहसीलमध्ये संजय गांधी शाखा. ६५ वर्षांच्या वरच्या निराधारांना श्रावणबाळ योजना, त्याखालच्या निराधार, विधवा, दिव्यांगांना संजय गांधी निराधार, महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांना २०२५ पासून २,५००. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० आहे, दिव्यांगांना ५०,०००. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही तर पेन्शन थांबते, एवढं लक्षात ठेवा. एसटी ७५ च्या वर फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, हे आता सगळ्यांना पाठ झालंय.

सही करता येत नाही त्याचं काय

हा सगळ्यात अवघड भाग आणि यात लोक फार फसतात.

आधी मुलांबद्दल. मुलगा मतिमंद आहे, ऑटिझम आहे, सेरेब्रल पाल्सी आहे किंवा एकाहून जास्त दिव्यांगत्व आहे, तो १८ चा झाला की आई-बाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत किंवा इस्टेटीच्या कामात हे एकदम समोर येतं. त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची स्थानिक समिती असते, ती पालक नेमते. नेमलेल्या पालकानं ६ महिन्यांत त्या मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब. आई-बाप हयात असताना हे करून ठेवा, मागं कोण बघणार हे तेव्हाच ठरतं, नंतर भावंडांत भांडण लागतं. याच कायद्याखाली निरामय ही आरोग्य विम्याची योजना आहे, १ लाखापर्यंत. आणि पालक नेमला म्हणजे त्या पोराचं मत संपलं असं नाही, २०१६ चा कायदा उलट म्हणतो की शक्य तिथं मर्यादित पालकत्व ठेवा, ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्याच्याशी बोलून.

आता म्हाताऱ्यांबद्दल. बापानं पोराला कुलमुखत्यारपत्र दिलं, बाप पुढं स्मृतिभ्रंशानं घरच्यांनाही ओळखेना, पोरगा त्याच कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करत राहिला. करार कायद्याप्रमाणं ज्यानं अधिकार दिले त्याची बुद्धी गेली की ते अधिकारही संपतात. म्हणजे ज्या दिवसासाठी लोक ते करून ठेवतात नेमका त्याच दिवशी ते निकामी होतं. राष्ट्रीय न्यासाच्या यादीत स्मृतिभ्रंश नाही, त्यामुळं मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं, कागद, डॉक्टरांचे दाखले, वकील, सगळं. म्हणून विसरायला सुरुवात झालीय असं वाटलं तर माणूस शुद्धीवर असताना त्याला विचारून कामं उरका: बँक खातं जोडीदाराबरोबर जॉइंट, सगळीकडं नॉमिनी, मृत्युपत्र, आणि त्या दिवशीचा डॉक्टरचा दाखला की माणूस समजून उमजून सही करतोय.

नुसता हात चालत नसला, डोकं शाबूत असलं, तर काही अडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा, हाताचा जमत नसला तर पायाचासुद्धा, दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी पाहिजे. ७० च्या वरच्या आणि दिव्यांग खातेदारांना बँकेनं घरी येऊन सेवा द्यायची सूचना २०१७ पासून आहे. अंध माणसाला चेकबुक किंवा लॉकर नाकारता येत नाही. मॅनेजर "सिस्टीममध्ये नाही" म्हणाला तर त्याला म्हणायचं तसं लिहून द्या, बहुतेक वेळा तिथंच काम होतं.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८, कुठं जायचं एवढं विचारायलाही चालतं. आणि वरच्या कुठल्याही ऑफिसात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही. "साहेब आले की देतो" असं म्हणाले तर बाकावर बसून राहायचं. ती पोच एका प्लास्टिकच्या फाईलीत, तिची झेरॉक्स सोबत्याकडं, आणि मूळ फाईल ज्या घरातल्या माणसावर अर्ज केलाय त्याच्या कपाटात ठेवायची नाही.